जीव वाचला, पुढें काय?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील आमच्याकडे आले. ते बाजारांत हमाली करितात. मुलगा घराण्यांतला पहिलाच पदवीधर. आतां तो डॉक्टर झाला असून पुढील शिक्षणासाठीं त्यानें पुनर्वसन-वैद्यक ही शाखा पत्करण्याचें ठरविलें होतें. वडिलांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "मास्तर, पाठीवर पोतीं वाहून ह्याला शिकवलं, तें लोकांचे पाय चोळायला काय ? तुमचं तो ऐकतो, तुम्हीच समजवा."

आम्हीं मुलास बोलावून घेतलें. परंतु समजूत पटली ती आमचीच. तो म्हणाला, "सर, मी सातवींत असतांना आजीला पक्षाघात झाला. इस्पितळांत तिचा जीव वाचला. पण घरीं आणल्यावर तिला न्हाणीपर्यंत कसें न्यावें, कुशीवर केव्हां वळवावें, हें आम्हांला कोणीच सांगितलें नाहीं. पाठीला जखमा होऊन ती दोन वर्षें खाटेवर पडून होती. जीव वाचल्यावर पुढें काय, हें सांगणारा डॉक्टर मला व्हायचें आहे."

या शाखेस हलकें लेखणें म्हणजे तिचें काम न ओळखणें होय, असें आमचें स्पष्ट मत आहे. पक्षाघात, पाठीच्या कण्यास इजा, मेंदूस मार किंवा अवयवाचा छेद यांनीं मनुष्य अपंग झाला म्हणजे या वैद्याचें काम सुरू होतें. आखडलेले स्नायु सैल करणें, त्वचा व मूत्राशय यांची निगा ठरविणें, कृत्रिम पाय किंवा आधारपट्टा योजणें, व्यायाम आणि वाचा शिकविणाऱ्या तज्ज्ञांस एकत्र चालविणें, हें सर्व त्याच्याकडे असतें. इतर वैद्य विचारतात, 'रोग कोणता ?' हा त्यापुढें विचारतो, 'हा मनुष्य उद्यां घरीं काय करूं शकेल ?'

या प्रश्नानें किती जीव तारले ! पूर्वीं कणा मोडलेला मनुष्य बहुधा पाठीच्या जखमा व मूत्रमार्गाचे विकार यांनीं थोड्याच काळांत दगावत असे. इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें १९४४ सालीं डॉ. लुडविग गुटमन यांनीं अशा रोग्यांस रात्रंदिवस दर दोन तासांनीं कुशीवर वळविण्याचा नियम घातला, त्यांस काम दिलें, खेळ दिले. आणि मरणाची वाट पाहणारीं माणसें कामास लागलीं.

आपल्याच देशांतील उदाहरण डॉ. मेरी व्हर्गीस यांचें. वेल्लोरच्या या तरुण डॉक्टरीणबाईंस १९५४ सालीं मोटारीचा अपघात झाला व कमरेखालील शरीर लुळें पडलें. तरीही चाकांच्या खुर्चींत बसून त्यांनीं कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढें न्यूयॉर्क येथें डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या हाताखालीं त्या ही विद्या शिकल्या, आणि परत येऊन १९६३ पासून वेल्लोरच्या या विभागाच्या प्रमुख झाल्या. १९७२ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. मुंबईंतही हाजीअली येथें याच कार्याची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून आहे. आणि गरज तरी केवढी ! २०११ च्या जनगणनेंत देशांत २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ति मोजल्या गेल्या.

वडिलांच्या भीतीस मात्र आम्ही हसत नाहीं. साडेचार वर्षांचा अभ्यास, एक वर्ष इस्पितळांतील उमेदवारी, पुनः प्रवेशपरीक्षा, आणि मग तीन वर्षें. ज्या घरांत पूर्वीं कोणी दवाखान्याची पायरी रोगी म्हणूनच चढलें, तेथें एवढा काळ मिळकतीची वाट पाहणें ही लहान गोष्ट नव्हे. कोणती शाखा घ्यावी, हें विचारावयास अशा मुलाच्या घरीं कोणी नसतें. परंतु त्याच्याजवळ एक भांडवल असें असतें, जें मोठ्या घरच्या मुलाजवळ क्वचितच असतें. गरिबाच्या घराचा उंबरठा किती उंच, मोरी किती अरुंद, पाणी किती दुरून आणावें लागतें, हें तो जाणतो. एक पाय गेलेल्या शेतमजुराला काय येणें अवश्य आहे, हें त्याला पुस्तकांत पाहावें लागत नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंति कीं, मुलाच्या निवडीचें मोल केवळ फीवरून ठरवूं नये. ती कां केली, हें आधीं त्याला विचारावें. आणि विद्यार्थ्यांनो, घरांत जें दुःख तुम्ही पाहिलें, त्याची लाज बाळगूं नका. तुमची वाट कदाचित् तेथूनच निघत असेल.

त्या दिवशीं निघतांना वडिलांनीं दारांत थांबून विचारलें, "मास्तर, हा तेव्हां डॉक्टर असता, तर माझी आई चालली असती काय ?" आम्हीं सांगितलें, "तें आम्हांला सांगवत नाहीं. पण तिच्या पाठीला जखमा झाल्या नसत्या." ते कांहीं वेळ उभे राहिले, मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरले.