स्फटिकाला पुस्तकाबाहेर का काढले?

एनसीईआरटीने 2022 मध्ये पाठ्यपुस्तकांना कात्री लावली तेव्हा वाद पेटला तो इतिहासाच्या पानांवरून. बारावीच्या रसायनशास्त्रातले पहिले प्रकरण, ‘सॉलिड स्टेट’, त्याच वेळी गेले. त्याची फारशी चर्चा झाली नाही. कोविडनंतर विद्यार्थ्यांवरचा भार हलका करायचा, हे दिलेले कारण. पुढे 2024 साठीच्या ‘नीट’ आणि ‘जेईई मेन’च्या अभ्यासक्रमांतूनही ते वगळले गेले. महाराष्ट्र राज्य मंडळाने मात्र आपल्या पुस्तकात या प्रकरणाला पहिले स्थान दिले आहे. पण जे ‘नीट’ला येत नाही ते क्लासमध्ये किती मन लावून शिकवले जाते, हे बारावीच्या पालकांना वेगळे सांगायला नको.

हे प्रकरण गेल्याचे दुःख मुलांना झाले नसेल, तर त्यात मुलांचा दोष नाही. ते शिकवले जायचे अंकगणितासारखे. घनाची कड दिली आहे, घनता काढा. साध्या घनात 52.4 टक्के जागा व्यापलेली, बीसीसी रचनेत 68, एफसीसी रचनेत 74; पाठ करा, गुण मिळवा, विसरून जा. एवढेच छाटले असते तर कोणाची तक्रार नसती. आकडेमोडीबरोबर मूळ कल्पनाही बाहेर गेली, हे खरे नुकसान. पदार्थ कशाचा बनला आहे, एवढे कळून भागत नाही. त्याचे कण कसे रचले आहेत आणि एकमेकांना कशाने धरून आहेत, यावर त्याचे गुण ठरतात.

मिठाचा खडा घ्या. त्यात सोडियम आणि क्लोरीनचे आयन आलटूनपालटून बसलेले असतात, प्रत्येकाभोवती विरुद्ध प्रभाराचे सहा. ही पकड इतकी घट्ट की मीठ वितळायला 801 अंश सेल्सिअस तापमान लागते. पण घाव बसून एक थर जरा सरकला की सारखे प्रभार समोरासमोर येतात आणि खडा फुटतो. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन सगळ्या अणूंचे सामाईक असतात, म्हणून थर सरकले तरी तार तुटत नाही, वाकते. हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांशी सहसंयुज बंधांनी जखडलेला, म्हणून तो इतका कठीण. कपाटातल्या डांबरगोळीत मात्र रेणूंना एकत्र ठेवणारे बळ इतके दुबळे की गोळी न वितळता हवेत विरून जाते. काचेच्या रचनेला तर लांबवर टिकणारी शिस्तच नसते. म्हणून ती एका ठरावीक तापमानाला वितळत नाही, हळूहळू मऊ होत जाते.

इथपर्यंत गोष्ट पाठ्यपुस्तकातली वाटेल. औषधांच्या कारखान्यात तिची किंमत कळते.

रिटोनाविर हे एचआयव्हीवरचे औषध अ‍ॅबट कंपनीने 1996 मध्ये बाजारात आणले. दोन वर्षांनी त्याच्या कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. रेणू तोच होता, सूत्र तेच होते. पण ते रेणू आता वेगळ्या पद्धतीने रचले जाऊन नवा स्फटिक तयार होत होता, आणि तो जुन्यापेक्षा खूपच कमी विरघळत होता. या स्फटिकाचा सूक्ष्म कणही जुन्या रूपाला नव्यात ओढून नेई. कंपनीला कॅप्सूल बाजारातून काढून औषध नव्या स्वरूपात आणावे लागले. एकाच रेणूचे असे वेगवेगळे स्फटिक बनण्याला रसायनशास्त्रात बहुरूपता म्हणतात.

भारतात हाच विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रक्ताच्या कर्करोगावरच्या ‘ग्लिवेक’साठी नोव्हार्टिसने पेटंट मागितले होते ते इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा या स्फटिकरूपावर. हे रूप अधिक स्थिर आहे, त्याची पूड चांगली वाहते, ते ओलावा कमी शोषते, असा दावा होता. न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने 1 एप्रिल 2013 रोजी ही मागणी फेटाळली. हे गुण कारखान्याच्या सोयीचे आहेत, त्यांनी रुग्णावरचा गुणकारीपणा वाढतो असे दिसत नाही, आणि पेटंट कायद्याच्या कलम 3(ड)ला तो वाढलेला हवा, हा त्या निकालाचा गाभा. ग्लिवेकचा महिन्याचा खर्च तेव्हा लाखाच्या वर सांगितला जाई; भारतीय कंपन्यांचे तेच औषध दहा हजारांच्या आसपास मिळे. हजारो कुटुंबांच्या खिशाशी जोडलेला हा खटला समजायला स्फटिक म्हणजे काय, हे कळावे लागते. अभ्यासक्रमातून वगळले गेले ते नेमके हेच.

महाराष्ट्राला तर हा विषय टाळणे शोभतच नाही. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत झिओलाइट खनिजांचे स्फटिक दडलेले आहेत. पुणे, नाशिक, जळगाव परिसरातले स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट जगभरच्या संग्रहालयांत पोहोचले आहेत. वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हनसाइट संग्राहक पाहताक्षणी ओळखतील. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे वैभव मांडून ठेवले आहे.

झिओलाइटच्या जाळीत रेणूंच्या मापाची छिद्रे असतात, आणि त्या छिद्रांवर मोठे उद्योग चालतात. पेट्रोलियम शुद्धीकरणात कृत्रिम झिओलाइट उत्प्रेरक म्हणून वापरतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अशा उत्प्रेरकांवर मोलाचे काम केले आहे. कोविडच्या 2021 मधल्या दुसऱ्या लाटेत गावोगावी उभारलेल्या प्राणवायू संयंत्रांतही झिओलाइटच होते. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवते आणि प्राणवायू पुढे जाऊ देते. घाईच्या त्या दिवसांत हे झिओलाइट परदेशातून विमानाने आणावे लागले. खाणीतला दगड थेट या कामाला चालला नसता, हे खरे. नेमक्या मापाची जाळी प्रयोगशाळेत घडवावी लागते, आणि ती घडवणारी माणसे कधीतरी बारावीच्या वर्गातूनच जातात.

दिल्लीने काय गाळले, ते बदलणे मुंबईच्या हातात नाही. पण राज्य मंडळाचे पुस्तक आणि एमएचटी-सीईटी ही दोन्ही राज्याचीच आहेत. प्रकरण ठेवावे, त्यातली कडेची आणि घनतेची गणिते निम्म्यावर आणावीत. प्रयोगवहीत झिओलाइटचा एक प्रयोग घालावा. स्वीडनचा खनिजशास्त्रज्ञ क्रोन्स्टेट याने 1756 मध्ये केला तसा: खनिज तापवायचे आणि त्यातले पाणी वाफ होऊन निघताना पाहायचे. सीईटीच्या प्रश्नपत्रिकेत एफसीसीची टक्केवारी विचारण्याऐवजी विचारावे की रिटोनाविरचे सूत्र न बदलता औषध का बिघडले.