गाडी नको, पण गाडी यायला हवी

मुंबईत स्वतःची मोटार न बाळगणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली, तेव्हापासून हे शहर रुळांच्या आधाराने वाढलं. डोंबिवलीहून फोर्टात रोज मोटार नेणारा स्वतःचा वेळ घालवतो आणि इतरांचाही रस्ता अडवतो. पण ‘गाडी घ्यायचीच नाही, मग चालवायला तरी कशाला शिकायची?’ हे मला अजिबात पटत नाही.

लोकल आहे, बेस्ट आहे, मेट्रो आहे, फोनवरून टॅक्सी येते, असं सांगितलं जातं. मुंबईपुरतं ते खरं आहे. पण मुंबईकर काही बारा महिने मुंबईतच नसतो. गणपतीला, शिमग्याला तो कोकणात उतरतो, आणि अनेकांचे आईवडील तिथेच एखाद्या वाडीत असतात. संध्याकाळची शेवटची एसटी गेली की तिथे फोनवर टॅक्सी मिळत नाही. रात्री वडिलांच्या छातीत कळ आली, तर आधी १०८ लाच फोन करावा. पण चढउताराच्या अरुंद वाटेने रुग्णवाहिका वाडीत पोचायला वेळ लागतो. मुलगा बोटीवर असलेल्या शेजाऱ्याच्या अंगणात गाडी उभी असते, म्हातारा किल्ली हातात द्यायला तयार असतो, आणि शहरातून आलेल्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही ती हलवता येत नाही. ही अगतिकता टाळण्यासारखी आहे.

दुसरं उदाहरण प्रवासाचं. भाड्याच्या गाडीत सात माणसं, चालवणारा एकच. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागतो. शेजारी बसलेल्याने गप्पा मारून त्याला जागं ठेवणं हा काही उपाय नव्हे. त्याला दोन तास मागे झोपू देऊन स्टिअरिंग हाती घेणारं दुसरं माणूस गाडीत हवं. आणि ते माणूस बाईही असू शकते. घरातली गाडी एकट्या पुरुषालाच येते, तिथे त्याच्या आजारपणात सगळं घर अडकून पडतं.

पर्यावरणाची काळजी असणारे म्हणतात, शिकलं की मोह होतो, मग गाडी येते. त्यांची काळजी खरी आहे, निदान मात्र चुकलेलं आहे. माणूस गाडी घेतो तो बस वेळेवर येत नाही म्हणून, स्टेशनपर्यंत नीट चालता येत नाही म्हणून. उलट ज्याला गाडी येते, तो गरजेच्या दिवशी ती भाड्याने घेऊन परत देऊ शकतो. मालकी टाळायला ही विद्या मदतच करते.

शिवाय गाडी चालवलेला माणूस पायी चालतानाही वेगळा चालतो. वळणाऱ्या बसच्या चालकाला आपण दिसत नाही अशी जागा कुठली, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावरही गाडी किती पुढे घसरते, हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं. फूटपाथ रुंद करा, वेग कमी करा, अशी मागणी करताना चालकाची अडचण त्याला ठाऊक असते. म्हणून ‘तुम्हाला रस्त्यातलं काय कळतं?’ म्हणून त्याला गप्प बसवता येत नाही.

खरा जड आक्षेप एकच: सराव नसेल तर विद्या गंजते, आणि गंजलेला चालक न शिकलेल्यापेक्षा धोकादायक. हे मान्य केलंच पाहिजे. तिशीच्या आत काढलेला परवाना चाळिशीपर्यंत चालतो. कागद वैध राहतो, हात मात्र विसरतात. म्हणून नुसतं लायसन्स काढून कपाटात ठेवणाऱ्याची बाजू मी घेत नाही. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते म्हणून तिसाव्या दिवशी धावायची गरज नाही. ते सहा महिने पावसात, घाटात, रात्रीच्या रस्त्यावर शिकवणाऱ्याला शेजारी बसवून वापरावेत. पुढे दर वर्षी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये पैसे भरून काही तास पुन्हा चालवावं. गावी जायच्या आधी तर नक्कीच.