नववी झाली, मैदान बंद!

दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास आपल्या अनेक विहारांत अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. मुले पहाटे बसतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास उठतात. त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण वस्तीत घरोघर फिरताना एक वाक्य हमखास कानावर येते : "नववी झाली, आता मैदान बंद. बाबासाहेबांनी शिका सांगितलं, पळत बसा नाही सांगितलं."

हे बोलणाऱ्या आईबापांची कळकळ आम्हाला समजते. ज्यांनी स्वतः अर्ध्यावर शाळा सोडली, त्यांना लेकरांच्या मार्कांची धास्ती असणारच. तरीही हे चुकते आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मैदान आधी बंद होते ते मुलींचे. पाळी सुरू झाली की सातवी-आठवीतच. मुलगा निदान गल्लीत क्रिकेट खेळतो. मुलीला शाळा, क्लास, पाण्याचे हंडे आणि भांडी. "घरकामात व्यायाम होतोच की," असे म्हणणारेही भेटतात. हंड्याने कंबर भरून येते, दम वाढत नाही. पाळीच्या दिवसांत पळू नये, यालाही वैद्यकीय आधार नाही. त्रास होत असेल त्या दिवशी विश्रांती घ्यावी, इतकेच.

गेल्या वर्षी ओळखीतली एक नववीतली मुलगी शाळेच्या ४०० मीटर धावण्याच्या निवडीत चक्कर येऊन पडली. घरच्यांनी लगेच धावणे बंद केले. आम्ही आग्रह करून आरोग्य केंद्रात रक्त तपासायला लावले. हिमोग्लोबिन आठ निघाले! म्हणजे पळण्याने ती आजारी पडली नव्हती. अंगात आधीपासून असलेला आजार पळताना दिसला. मैदानावर गेली नसती, तर तो कदाचित पहिल्या बाळंतपणात कळला असता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा किती मुली आपल्या वस्तीत "जरा अशक्तच आहे" म्हणून घरात बसून आहेत?

त्या मुलीला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, एवढे एक पथ्य घरच्यांनी पाळले. जेवणात पालेभाजी, भिजवलेले चणे आणि जमेल तेव्हा अंडी किंवा कलेजी आली. तीन-चार महिन्यांनी ती पुन्हा पळू लागली. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ती आधी दप्तरातच ठेवत होती, हे तिने नंतर हसत सांगितले. पालकांनो, एकदा दप्तर तपासा.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल हवी, असे सांगते. त्यात आठवड्यातले निदान तीन दिवस दम लागेल असे पळणे-खेळणे हवे. हाडे घट्ट व्हायचे मुख्य वय हेच. तो एक तास अभ्यासातून गेला असे वाटते खरे. पण पळून आलेले मूल रात्री गाढ झोपते आणि सकाळी पुस्तक घेऊन पेंगत नाही.

नोकरीचे म्हणाल, तर आपल्या घरांतून पोलीस भरतीला किती पोरे-पोरी जातात! तिथे ५० गुण मैदानावरचे : मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. चौदाव्या वर्षी ज्यांना मैदानातून ओढून घरी आणले, त्यांनाच विसाव्या वर्षी कर्ज काढून अकादमीत पाठवायचे, हा हिशेब आम्हाला तरी कळत नाही. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, तेही आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसते.

मैदान हे आपले काम नव्हे, असेही नाही. पुण्याच्या मैदानावर ज्या बाळू पालवणकरांना अस्पृश्य म्हणून चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात दिला जाई, त्यांनीच १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. (पुढे १९३७ ला ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्याच विरोधात उभे राहून हरले, ती गोष्ट निराळी.) आणि खुद्द बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने किती जेरीस आणले, हे आपण वाचतो, पण त्यातून आपल्या लेकरांच्या शरीरासाठी काही घेत नाही.

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान हवे. वस्तीतल्या शाळेला ते नसेल, तर पालक सभेत उठून विचारा. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धांत १४ आणि १७ वर्षांखालील गट असतात. आपल्या मुलीचे नाव गेले का, हे वर्गशिक्षकांना जूनमध्येच विचारा. महागडे बूट नसले तरी चालतील. मातीवर अनवाणी पळणार असतील तर आधी काचा वेचा आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीची धनुर्वाताची लस झाली का ते बघा.

विहार समितीलाही एक विनंती. संध्याकाळी पाच ते सहा विहारासमोरचे पटांगण मुलींसाठी मोकळे ठेवा. त्या वेळेत तिथे गाड्या लावू देऊ नका आणि कडेला दोन आया बसू द्या. आया बसल्या की मुली येतात, हे आम्ही पाहिले आहे.