बावन्न ऐकले, पंचवीस लिहिले

परवा संध्याकाळी माझा नातू वही घेऊन स्वयंपाकघरात बसला होता. दुसरीतला पोरगा. मी भाकरी थापीत होते आणि लेक मेथी निवडता निवडता त्याला आकडे सांगत होती. "लिही, बावन्न." त्याने लिहिले २५. "त्रेसष्ट." त्याने लिहिले ३६. तिसऱ्यांदा तसेच झाले आणि लेकीचा हात उठला. "किती वेळा सांगायचं रे तुला? लक्ष कुठं असतंय?" पोरगा रडवेला होऊन म्हणाला, "बरोबरच लिवलंय की मी!"

मैत्रिणींनो, माझी भाकरी तव्यावर करपली. कारण तीसेक वर्षांपूर्वी याच घरात, जवळजवळ याच शब्दांत, मी हिच्या पाठीत धपाटा घातला होता. तेव्हापासून ही म्हणत आली आहे, "मला गणित येत नाही." आज गारगोटीच्या बाजारपेठेत तिचे शिवणकामाचे दुकान आहे. अस्तर किती, कापड किती, कोणाची उधारी किती, सगळे तोंडपाठ. तरी कोणी विचारले की हेच, "गणिताचं आपलं काही खरं नाही बाई."

डॉ. जे. पी. नाईकांनी १९५२ साली मौनी विद्यापीठ उभे केले, ते आमच्या या गावात. शिकवणाऱ्यांची इथे वाण नाही. तरी पोर बावन्नचे पंचवीस का लिहिते, हे मी कधी कोणाला विचारले नव्हते. धांदरटपणा म्हणून सोडून दिले होते. आता मात्र नेटाने वाचले, चार जणांना विचारले, आणि जे कळले ते सांगते.

आपल्या मनाला एक ओटा असतो असे समजा. फडताळात वर्षाचे सामान असले तरी ओट्यावर एका वेळी मावते थोडेच. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५६ साली लिहिले, की माणूस एका दमात साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो, दोन कमी किंवा दोन जास्त. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. लहान मुलांचा ओटा तर आणखी अरुंद. नवी गोष्ट आली, की आधीची खाली पडते. गॅसवर दूध ठेवून दार उघडायला गेलो, दारात पोस्टमन, तेवढ्यात कुकरची शिट्टी, आणि दूध उतू! त्यावरून घरात आपल्याला विसरभोळी म्हणतात ते वेगळेच.

मग एवढ्याशा ओट्यावर आपला संसार चालतो कसा? मिसळणाच्या डब्यामुळे. डब्यात वाट्या सात, पण ओट्यावर जागा एकाच डब्याची. "कांदेपोह्यांचं सामान काढ" म्हटले की मला ती एकच गोष्ट असते. नव्या सुनेला त्या सात-आठ गोष्टी असतात, म्हणून ती कढीपत्ता विसरते. ज्याची सवय झाली ते मन एका डब्यात भरून ठेवते आणि लागेल तेव्हा अख्खा डबा उचलते.

तुम्हा-आम्हाला "बावन्न" हा असा बंद डबा आहे. पोराला नाही. त्याच्या कानावर आधी पडते "बा". म्हणजे दोन. हात लगेच दोन लिहायला धावतो. पण लिहायचे असतात आधी पाच! म्हणजे दोन मनात धरून ठेवायचे, "वन्न" म्हणजे पन्नास हे ओळखायचे, पाच लिहायचे, आणि मग मागे जाऊन तो धरलेला दोन आणायचा. त्यात "वन्न" हे पन्नाससारखे ऐकू येत नाही, आणि दोनही धड एका रूपात येत नाही. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, ब्याऐंशी, दर वेळी नवे सोंग. एकोणसाठचे तर विचारूच नका. साठ म्हणायचे आणि त्यातून एक काढायचा, म्हणजे लिहायला पाच. बरे, एकोण-एकोण करीत एकोणनव्वदपर्यंत आलो, तर शेवटी नव्व्याण्णव! म्हणजे शंभरापर्यंतचे जवळजवळ सगळे शब्द सुटे सुटे पाठ करायचे.

माझी धाकटी जाऊ निपाणीकडची, कानडी शाळेत शिकलेली. तिला विचारले, "तुमच्याकडं पोरं असं उलटं लिवतात का गं?" ती हसायलाच लागली. कानडीत पंचवीस म्हणजे इप्पत्तैदु, वीस-पाच. बावन्न म्हणजे ऐवत्तेरडु, पन्नास-दोन. जसे ऐकायचे तसेच लिहायचे. "मी लग्न होऊन इथं आले तेव्हा दुकानदारानं एकोणसत्तर म्हटलं की पर्सच पुढं करायची," म्हणाली. इतक्या वर्षांत हे तिने कधी सांगितले नव्हते.

हे दुखणे आपल्याच भाषेचे नाही. जर्मनही "दोन आणि पन्नास" म्हणतात. ऑस्ट्रियातल्या जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांना आकडे सांगून लिहायला लावले, तेव्हा निम्म्याच्या आसपास चुका याच उलटापालटीच्या निघाल्या. चेक भाषेत दोन्ही रीती चालतात. तिथे तीच मुले "पन्नास दोन" ऐकून नीट लिहितात आणि "दोन आणि पन्नास" ऐकून जास्त चुकतात. आता यात पोराचे लक्ष कुठे होते, हा प्रश्न उरतो का? नॉर्वेत तर १९५१ साली सरकारनेच आकडे बोलण्याची रीत बदलली, टेलिफोनचे नंबर सांगताना घोटाळे होतात म्हणून. जुनी रीत मात्र लोकांच्या बोलण्यातून अजून पुरती गेलेली नाही!

आपल्याकडे २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीसबरोबर "वीस एक" आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतो ना? विधानसभेपर्यंत विषय गेला, थट्टा झाली. समितीच्या अध्यक्षा होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. त्यांचे म्हणणे साधे होते, की जोडाक्षरांच्या आणि उलट्या आकड्यांच्या धास्तीने मुले गणितापासून दूर जातात. जुने शब्द काढून टाका असे काही पुस्तकाने म्हटले नव्हते. मीसुद्धा तेव्हा नाक मुरडणाऱ्यांतलीच. आज वाटते, जुने शब्द राहावेतच, ते गेले तर आजीचा हिशोब नातवाला कळायचा नाही. पण त्यांच्यापर्यंत जायला "पन्नास दोन" ही पायरी ठेवली तर बिघडले कुठे?

आता घरी काय करायचे? आम्ही करतो ते सांगते. दहाच्या नोटा आणि एक-एक रुपयाची नाणी ताटात ठेवते. "बावन्न" म्हटले की पोराने लगेच लिहायचे नाही. आधी पाच नोटा आणि दोन नाणी काढायची, "पन्नास आणि दोन, बावन्न" असे तोंडाने म्हणायचे, मग पेन्सिल उचलायची. शब्द पुरा ऐकल्याशिवाय हात वहीला लावायचा नाही, ही एकच सक्ती. दिवसाला पाच-सहा आकडे, त्याहून जास्त नाहीत. त्या वेळी टीव्ही बंद, आणि "हात धुतलेस का, दप्तर भरलंस का" हेही बंद, कारण तेसुद्धा त्याच ओट्यावर येऊन बसते. आणि धपाटा तर नाहीच नाही. आता मार बसेल ही धास्ती ओट्यावरची अर्धी जागा अडवते. उरलेल्या जागेत बिचारा दोन धरणार की पाच?

पंधरवडा झाला. बावन्न, त्रेसष्ट आता सरळ येतात. एकोण लागले की अजून अडखळतो, त्याला वेळ लागेल. काल लेक दुकान बंद करून आली आणि ताटातल्या नोटा मोजत बसली. हा ओटा, हा डबा, सगळे मी तिला पुन्हा एकदा समजावून सांगितले. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी ढ नव्हते म्हण की, आई."

मी म्हटले, "नव्हतीस गं." आणि उठून दूध तापवायला ठेवले.