विश्लेषण : भोर-वेल्ह्याच्या नकाशाला ‘मोडलेली वाट’ कधी कळणार?

पुण्यातल्या सायकलस्वारांना खानापूर, पाबे घाट, वेल्हे, मार्गासनी, नसरापूर ही फेरी आता सवयीची झाली आहे. भोरहून वरंध घाटाकडे किंवा आंबाडखिंडीतून मांढरदेवीकडे जाणारेही वाढले आहेत. सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणारी डोंगरधाव तर देशभरातल्या धावपटूंना माहीत आहे. यातले बहुतेक जण आदल्या रात्री फोनवर मार्ग आखतात. अंतर, चढ आणि लागणारा वेळ दोन मिनिटांत समोर येतो. हे आकडे कितपत खरे असतात? आणि त्यांच्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे, फोनवर दिसणारी रेष खरी असते का?

अंतर कमी-जास्त का भरते?

एकाच फेरीचे अंतर दोघांच्या फोनवर वेगवेगळे दिसते, याचे कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. फोन ठरावीक वेळाने तुमची जागा टिपतो आणि ते बिंदू सरळ रेषांनी जोडतो. घाट उतरताना सायकलचा वेग ताशी ४० किलोमीटर असेल, तर सेकंदाला ११ मीटर अंतर कापले जाते. पाच सेकंदांनी एक बिंदू टिपला, तर मधल्या ५५ मीटरांतले वळण गायब होते. पाबे घाटासारख्या वळणावळणाच्या रस्त्यावर अंतर असे कमी भरते.

उलटही होते. मोकळ्या आकाशाखाली साधारण स्मार्टफोनची चूक पाच मीटरच्या आसपास असते. पण दरीत किंवा दाट झाडीत काही उपग्रह डोंगराआड जातात आणि काहींचे संदेश कड्यावर आपटून येतात. मग टिपलेले बिंदू रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उड्या मारतात आणि अंतर फुगते.

अधिकृत मॅरेथॉनचे अंतर आजही उपग्रहावर विसंबून ठरत नाही. चाकाला मोजणीयंत्र लावलेल्या, आधी काटेकोर तपासलेल्या सायकलने मार्ग मोजला जातो. तो चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारी एक मीटर जादा धरतात, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरमागे सुमारे ४२ मीटर. मोजणी वळणांवर सर्वांत जवळच्या रेषेने होते. धावणारा मात्र गर्दीतून वाट काढत लांबून वळतो. म्हणूनच शर्यत संपल्यावर घड्याळात अंतर थोडे जास्त दिसते.

चढाईच्या आकड्यांवर वाद का होतात?

आखलेल्या मार्गाची चढाई बहुतेक वेळा उंचीच्या तयार जाळीवरून काढली जाते. अशा जाळ्यांपैकी सर्वांत परिचित जाळी फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ अवकाशयानातून ११ दिवस केलेल्या रडार मोजणीतून तयार झाली. तिचा एकेक चौकोन सुमारे ३० मीटरचा आहे. सपाट माळावर तेवढे पुरते. पण घाटरस्ता डोंगराच्या कुशीत कोरलेला असतो. त्याच चौकोनात वरचा कडाही येतो आणि खालची उतरणही. त्यामुळे रस्ता सलग चढत असला तरी आलेखात त्याला दातेरी चढउतार दिसतात.

हे दाते एकेक करून बेरजेत जातात. शंभर किलोमीटरच्या फेरीत दर शंभर मीटरला फक्त एक मीटर खोटा चढ धरला गेला, तरी एकूण आकडा हजार मीटरने वाढतो. हवेच्या दाबावरून उंची मोजणारी घड्याळे या बाबतीत सरस असतात. पण हवामान बदलले की दाबही बदलतो, आणि पावसात त्या घड्याळाचे बारीक छिद्र बुजले की तेही फसते.

या चुका मनस्ताप देतात, पण जीव घेत नाहीत. चढाई दोनशे मीटर जास्त निघाली तर माणूस दमतो, वाटेत थांबतो, उशिरा घरी पोचतो. ॲपच्या अचूकतेची चर्चा नेमकी याच मीटरांभोवती फिरत राहते, ही खरी अडचण आहे. तुम्ही कुठे आहात, हे फोनला बऱ्यापैकी कळते. समोरची वाट आज चालू आहे का, हे त्याला कळत नाही.

ही रेष येते कुठून?

सायकलिंग आणि धावण्याची अनेक लोकप्रिय ॲप्स ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशाची माहिती वापरतात. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक भरतात. कुणी उपग्रहचित्र पाहून रस्ता रेखाटतो, कुणी स्वतः चालून आलेली वाट चढवतो. काही ॲप्स यावर आणखी एक थर देतात. ज्या वाटेने जास्त लोक गेले, ती वाट ठळक होते आणि मार्ग आखताना तिला झुकते माप मिळते.

शहरात ही युक्ती चालते. वेल्ह्यात मात्र त्या ठळक वाटेवरून कोण गेले आणि कोणत्या महिन्यात गेले, हे महत्त्वाचे ठरते. जानेवारीत दोर घेऊन नाळ उतरलेल्या गिर्यारोहकांची नोंद आणि रोज दूध घालायला जाणाऱ्याची पायवाट नकाशावर सारखीच दिसू शकते. मोहरीजवळच्या रायलिंग पठारावरून लिंगाणा आणि रायगड अगदी समोर दिसतात, पण गाडीरस्त्याने रायगड गाठायला मोठा वळसा पडतो. ‘चालत’ हा पर्याय निवडला, की तो वळसा वाचवण्यासाठी रेष थेट कोकणात उतरणाऱ्या नाळेतूनही जाऊ शकते. रायरेश्वराच्या माथ्याजवळ लोखंडी शिड्या आहेत. नकाशावर शिडीचा उल्लेख नसेल तर तीही पायवाटच दिसणार.

मराठीत ‘वाट मोडली’ असा शब्दप्रयोग आहे. गावाला डांबरी रस्ता आला, एसटी आली, की जुन्या घाटवाटेने जाणे थांबते. दोन पावसाळ्यांत कारवी माजते, दगड घसरतात, वाट मोडते. नकाशावर वाट काढण्याची सोय आहे, पण ती मोडल्याची नोंद करायला कुणीतरी तिथे जाऊन परत यावे लागते. तेवढे कष्ट फार थोडे जण घेतात.

पाणी, दरड आणि मनाई आदेश

भोर-वेल्ह्याची दुसरी अडचण ऋतूंची आहे. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव ही सगळी धरणे याच मुलखात आहेत. नकाशावर जलाशयाची निळी कड वर्षभर एकच असते, प्रत्यक्षात ती महिन्यागणिक सरकते. भाटघरच्या पाण्यात बुडालेले कांबरेश्वराचे मंदिर उन्हाळ्यात उघडे पडते आणि पावसाळ्यात पुन्हा बुडते. मे महिन्यात कुणी त्या कोरड्या पात्रातून सायकल नेली आणि ती नोंद नकाशावर चढवली, तर ऑगस्टमध्ये ती रेष थेट पाण्यात जाते.

ही भीती कल्पनेतली नाही. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे निघालेली एक मोटार अकोले तालुक्यात धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर पोचली आणि बुडाली. चालकाचा मृत्यू झाला. ते फोनवरच्या नकाशाच्या आधारे जात होते, असे तेव्हा समोर आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार कोसळून तिघे गेले, तिथेही नकाशाचीच चर्चा झाली. दोन्ही ठिकाणी रस्ता नकाशावर होता, तो बंद असल्याची खबर नकाशापर्यंत पोचली नव्हती. सायकलस्वार आणि धावपटू मोटारीपेक्षा आडवाटेला जातात आणि पहाटेच्या अंधारात निघतात. त्यांचा धोका कमी कसा मानायचा?

वरंध घाटाचे उदाहरण घ्या. दरडींमुळे पावसाळ्यात इथली वाहतूक बंद ठेवण्याचे आदेश अनेकदा निघतात. कधी फक्त जड वाहनांना बंदी असते, कधी अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या दिवसांत सर्वांनाच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने भोर आणि वेल्ह्यासह अनेक तालुक्यांतल्या पर्यटनस्थळांसाठी मनाई आदेश काढले. आदेश कागदावर निघतो, पीडीएफ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतो, वर्तमानपत्रात छापून येतो. मार्ग आखणाऱ्या ॲपला मात्र तो वाचता येत नाही.

नावांचा घोळ

राजगडाच्या पायथ्याला पाली आहे आणि अष्टविनायकांतलेही पाली आहे. गडाच्या दुसऱ्या वाटेवर गुंजवणे गाव आहे, तर नदी आणि धरण गुंजवणी. बुद्रुक आणि खुर्द तर ठायी ठायी. रोमन लिपीत टंकताना राजगड आणि रायगड यांत फक्त एका अक्षराचा फरक उरतो. आता वेल्हे तालुक्यालाच राजगड हे नाव मिळाल्याने नकाशात शोधताना अधिक काळजी घ्यावी लागेल.

मग जबाबदारी कुणाची?

‘ॲप फुकट आहे, डोळे तुमचे आहेत’ असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. डोळे उघडे ठेवायला हवेतच, पण बंद घाटाची माहिती ज्याच्या हातात आहे त्याने ती वापरता येईल अशा स्वरूपात द्यायला हवी. घाटाचे नाव, बंद भागाची दोन टोके, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाला बंदी, एवढ्या चार गोष्टी ठरलेल्या डिजिटल साच्यात प्रसिद्ध करायला जिल्हा प्रशासनाला आणि बांधकाम विभागाला मोठा खर्च येणार नाही. ॲप कंपन्यांनीही प्रत्येक पायवाटेची शेवटची पडताळणी कधी झाली, ते दाखवावे. बाटलीबंद पाण्यावर तारीख असते, तर वाटेवर का नको?

उरलेला वाटा आपला आहे. वाट मोडलेली दिसली, शिडी दिसली, पूल पाण्याखाली दिसला, तर खुल्या नकाशावर तशी दुरुस्ती करता येते. आपल्या फेरीचे आकडे मित्रांना दाखवण्याइतकीच ही नोंदही मानाची वाटायला हवी. कारण चुकलेल्याला शोधायला रात्री बॅटरी घेऊन निघतात ते पायथ्याच्या गावातले लोक आणि बचाव पथकांचे स्वयंसेवक. आपल्या चुकीच्या रेषेची किंमत ते मोजतात.

निघण्यापूर्वी एवढे करा

नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. जागा कळायला नेटवर्क लागत नाही, पण नकाशा उघडायला लागू शकते, आणि वेल्ह्याच्या आतल्या भागात ते मिळेलच असे नाही. आखलेली रेष उपग्रहचित्रावर ठेवून पाहा. घाट चालू आहे का, हे त्याच आठवड्याच्या बातमीत तपासा. परतीची वेळ घरी सांगून ठेवा आणि ११२ हा क्रमांक लक्षात ठेवा.

शेवटच्या गावात थांबून विचारा, पण प्रश्न नीट विचारा. ‘वाट आहे का?’ म्हटले तर ‘आहे की’ असेच उत्तर येईल, कारण वाट पूर्वी होतीच. ‘एवढ्यात कुणी गेलं होतं का?’ असे विचारा. नकाशा ज्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, तो हाच आहे.