टेबलावरचा मालक कुठं गेला?

कार्टूनचा पिक्चर म्हणजे पोराटोरांचा खेळ, असं समजणारे शहाणे आपल्यातही पुष्कळ. त्यांनी १९५४ सालचा ‘अॅनिमल फार्म’ बघावा आणि मग तोंड उघडावं. चितारलेली डुकरं, चितारलेला घोडा, मागं झकास संगीत, आणि ह्या सगळ्याच्या पोटात अमेरिकेच्या हेरखात्याचा पैसा. सीआयएचा. हे आमच्या डोक्यातलं भूत नाही दोस्तांनो. १९९९ साली फ्रान्सेस स्टोनर सॉन्डर्स ह्या बाईनं पुस्तक लिहून ही सगळी भानगड चव्हाट्यावर मांडली.

ऑर्वेल १९५० च्या जानेवारीत मेला. मेलेला लेखक तक्रार करत नाही. त्याच्या बायकोकडनं पुस्तकाचे हक्क घेतले, मधे लुई द रोशमाँ नावाचा अमेरिकन निर्माता उभा केला, आणि काम दिलं लंडनच्या हॅलस-बॅचलर ह्या नवरा-बायकोच्या स्टुडिओला. पैसा कुठनं येतो हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं म्हणतात. असेल. (ह्याच दोघांनी १९४५ साली ब्रिटिश आरमारासाठी जहाज कसं हाकायचं ह्यावर कार्टून केलं होतं. जहाज हाकणाऱ्यासाठी कार्टून निघतं. जहाज रिकामं करणाऱ्यासाठी कोण काढणार?)

आता शेवट बघा. पुस्तकात डुकरं आणि आजूबाजूचे शेतमालक एका टेबलाशी बसून पत्ते कुटतात, पितात, भांडतात. खिडकीबाहेर उभ्या जनावरांना कळत नाही, ह्यातला डुक्कर कोण आणि माणूस कोण. ऑर्वेलनं एका दगडात दोघांची टाळकी फोडली होती. पिक्चरमधे टेबलावर फक्त डुकरं. मालक गायब! गाढवाला डुकरांची थोबाडं जुन्या मालकासारखी दिसतात एवढंच, पण खरा, जिता मालक तिथनं हळूच उठवलाय. मग जनावरं चाल करून येतात, डुकरांना तुडवतात, खेळ खलास.

एखादा कॉम्रेड म्हणेल, अरे, पण पुस्तकात बंड नाही, पिक्चरमधे आहे, म्हणजे पिक्चर जास्त क्रांतिकारी! वा रे वा. बंड कुणावर, ते बघ ना बाबा. शेजारच्या शेतातला मालक आपल्या घरी सुखरूप झोपलाय. त्याच्या गोठ्यातल्या जनावरांना कुणी सांगितलं का, उठा म्हणून? हे बंड दुसऱ्याच्या घरात करायचंय, रशियाच्या पट्ट्यात. आपल्या गोठ्यात नाय.

आणि डुकरांचं आम्हाला प्रेम आहे, असं कुणी समजू नये. गरिबाच्या नावानं गादीवर चढून गरिबालाच खाणारे आपणही पाहिलेत, लांब जायला नको. त्यांना शिव्या द्यायला आम्हाला डॉलर लागत नाहीत.

आता ज्यांनी गाढवाला बंड शिकवलं, ते त्याच १९५४ साली आणखी काय करत होते? ग्वाटेमालात आर्बेन्झच्या सरकारनं १९५२ साली कायदा केला की मोठ्या जमीनदारांची पडीक जमीन काढून भूमिहीनांना वाटायची. युनायटेड फ्रूट ह्या अमेरिकन केळी कंपनीची जमीन त्यात गेली. झालं! १९५४ च्या जूनमधे ह्याच सीआयएनं ते सरकार उलथवलं. पिक्चर आला डिसेंबरात. जूनमधे भूमिहीनाच्या हातातली जमीन काढून घ्यायची, डिसेंबरात पडद्यावर जनावरांचं बंड दाखवायचं. एकच तिजोरी.

तो पिक्चर जाळा असं मी म्हणत नाही. त्यातला घोडा बघा. जन्मभर ओझी ओढली, कमी पडलं तर आणखी राबायचं एवढंच त्याला ठाऊक, आणि पडल्यावर खाटकाच्या गाडीत. गोदीत गोणी वाहणाऱ्या माणसाला तो भाग बसून बघवत नाही. त्या चित्रकारांचा हात खोटा नव्हता. हात त्यांचा, शेवट मात्र दुसऱ्याचा.

हे सगळं लांब सायबाच्या देशातलं, असं म्हणून अंग झटकू नका. हीच तिजोरी मुंबईतही उघडली होती. १९५१ साली ह्याच शहरात सांस्कृतिक स्वातंत्र्यवाल्यांची परिषद भरली, १९५५ साली त्यांचं ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक निघालं. ह्या स्वातंत्र्याच्या जागतिक संघटनेला सीआयए पोसते, हे १९६६-६७ मधे जगजाहीर झालं. तिथं लिहिणाऱ्या साऱ्यांना ते ठाऊक होतं असं नाही. पण ठाऊक नसलेल्यांकडूनच तर हे काम छान होतं. त्यांना खोटं बोलावं लागत नाही.

आमच्या अंकाला कागद कुठनं येतो ते आम्ही सांगतो, पगारातनं. कधी अंक निघतो, कधी नाय निघत. जे कलेला पैशाचा विटाळ होत नाही म्हणतात, त्यांनी आपला कागदवाला सांगावा. आणि कुणी फिल्म सोसायटीवाला हा पिक्चर दाखवून लोकशाहीवर भाषण झोडायला उभा राहिला, तर मागच्या रांगेतनं एवढंच विचारा : साहेब, टेबलावरची दुसरी पार्टी कुठं गेली?