विकत घेतलेले पुस्तक कोणाचे?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटल शहराच्या पूर्वेस, सरोवरापलीकडे रेडमंड नावाचे गाव आहे. १९८६ सालापासून मायक्रोसॉफ्ट कंपनीचे मुख्य ठाणे तेथे आहे. ज्यांचे आप्तेष्ट संगणकाच्या कामासाठी तिकडे गेले आहेत, त्यांना हे नाव परके नाही. या गावातल्या कंपनीने एप्रिल २०१९ मध्ये एक सूचना काढली. आम्ही आमचे इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचे दुकान बंद करीत आहोत, आणि जुलैपासून तुम्ही घेतलेली पुस्तके उघडणार नाहीत, असे तिने ग्राहकांना कळविले. झालेही तसेच. पैसे देऊन घेतलेली पुस्तके गेली, फुकट मिळालेलीही गेली.

कंपनीने पैसे बुडविले नाहीत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पुस्तकांची किंमत तिने परत केली. ज्यांनी वाचताना टिपणे किंवा खुणा केल्या होत्या, त्यांना वर २५ डॉलर दिले. पण दुकानदाराने दुकान बंद केले म्हणून त्याने गिऱ्हाइकाच्या घरी येऊन कपाटातले पुस्तक उचलून न्यावे, असे आपल्या पोर्ट लुईच्या बाजारात कधी घडले आहे काय?

असे घडू शकते याचे कारण समजून घेतले पाहिजे. अशा पुस्तकाला एक अदृश्य कुलूप असते आणि त्याची किल्ली कंपनीच्या यंत्रावर असते. आपण पुस्तक उघडतो तेव्हा आपला संगणक ती किल्ली मागतो. कंपनीने किल्ली देणे थांबविले की पुस्तक आपल्या संगणकात असूनही नसल्यासारखेच. याच कंपनीने २००८ साली आपल्या जुन्या संगीत दुकानाच्या किल्ल्या बंद करण्याचे ठरविले होते. ग्राहक रागावले, तेव्हा तिने २०११ अखेरपर्यंत मुदत वाढविली. २००९ साली अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीच्या काही प्रती वाचकांच्या हातातल्या यंत्रांवरून परस्पर पुसून टाकल्या. पुढे तिच्या प्रमुखाने माफी मागितली. जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने चित्रपट विकणेही थांबविले. या वेळी मात्र आधी घेतलेले चित्रपट पाहता येतील असे तिने सांगितले आहे.

तात्पर्य, 'विकत घ्या' असे लिहिलेल्या बटणाखाली पुष्कळदा विक्री नसते, भाडेपट्टी असते. कॅलिफोर्निया राज्याने याबाबत कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तेथे दुकानदाराला, आपण मालकी नव्हे तर केवळ परवाना देत आहोत, हे स्पष्ट सांगितल्यावाचून 'विकत घ्या' हा शब्द वापरता येत नाही.

आता आमचे तरुण विद्यार्थी येथे एक प्रश्न विचारतात, आणि तो टाळण्यासारखा नाही. "गुरुजी, पैसे देऊनही पुस्तक आपले होत नसेल, तर फुकट उतरवून घेतले म्हणून काय बिघडले? चोरलेली फाइल तरी कोणी परत नेत नाही."

उत्तर देण्यापूर्वी आम्ही आमचाच कबुलीजबाब देतो. आमच्या लहानपणी कोणी मुंबईहून आले की नाट्यगीतांच्या नाहीतर भक्तिगीतांच्या एकदोन कॅसेट येत, आणि महिनाभरात त्यांच्या नकला दहा घरांत जात. अध्यापक प्रशिक्षणाच्या काळात मराठी व्याकरणाचे एकच पुस्तक सगळ्या वर्गाने झेरॉक्स करून वापरले. ते येथे विकत मिळत नव्हते. म्हणून आम्ही कोणावर दगड मारण्यास निघालेलो नाही.

पण पाचसहा वर्षांपूर्वी एका स्नेह्याने आम्हांला पेनड्राइव्ह दिला. त्यात शेकडो मराठी पुस्तके आणि चित्रपट होते, सर्व कोठून कोठून उतरविलेले. आम्ही हावरटपणे तो संगणकाला लावला आणि चित्रपटाचे नाव असलेली एक फाइल उघडली. तो चित्रपट नव्हताच. दोन दिवसांत संगणकातल्या साऱ्या फाइली निकामी झाल्या. पाठांची टाचणे गेली, ती पुन्हा लिहिता आली. पण आमच्या आजीने म्हटलेली झाकरीची आणि गणपतीची गाणी त्यात होती, आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती. आजी त्याआधीच निवर्तली होती. दोष त्या स्नेह्याचा नव्हे, आमचाच. फुकटचे घेताना घरचे गेले.

हा धोका एकट्या आमच्या घरचा नव्हे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने जगभरचे संगणक बंद पाडले. इंग्लंडमधल्या रुग्णालयांनाही त्याचा फटका बसला. त्याच्यावरचा उतारा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता, ते सापडले. ज्याच्या संगणकात चोरीची प्रणाली असते, तो पकडले जाण्याच्या भीतीने असे उतारे पुष्कळदा बंदच ठेवतो.

कायद्याचेही बघितले पाहिजे. महाराष्ट्रात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्यासाठी १९८१ चा स्थानबद्धतेचा कायदा आहे. २००९ साली त्यात चित्रफितींच्या चोरट्यांनाही घातले. भारताच्या २०२३ च्या चित्रपट दुरुस्ती कायद्याप्रमाणे चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्यास तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. हा रोख मुख्यतः धंदा करणाऱ्यांवर आहे, घरी पाहणाऱ्यावर नव्हे, हे खरे. उलट कायद्याने अभ्यासाला वाटही ठेवली आहे. दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानावर परदेशी प्रकाशकांनी दावा केला, तेव्हा २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने, अध्यापनासाठी पुस्तकांतील भागांच्या प्रती काढण्यास भारतीय कायद्यात मुभा आहे, असा निर्णय दिला. आपल्या मॉरिशसचा कायदा वेगळा, २०१४ चा आहे. शिक्षकांनी तो मुद्दाम वाचावा.

पण आमच्या मते खरी गोष्ट कायद्याच्याही पलीकडची आहे. १९७६ साली बिल गेट्स नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाने संगणकाच्या शौकिनांना एक जाहीर पत्र लिहिले. आम्ही रात्रंदिवस खपून केलेले काम तुम्ही फुकट वाटून घेता, मग चांगले काम पुढे कोण करील, असा त्याचा आशय होता. त्याची कंपनी जगड्व्याळ झाली आणि आज तीच ग्राहकाच्या कपाटाची किल्ली आपल्या हाती ठेवते, हे खरे. परंतु त्याने विचारलेला प्रश्न मराठीपुरता आजही शिल्लक आहे. मोठ्या कंपनीला शंभर चोऱ्या पचतात. मराठी कवितासंग्रहाच्या छोट्या आवृत्तीला, किंवा कर्ज काढून केलेल्या मराठी चित्रपटाला, त्या पचत नाहीत. आपण ज्या भाषेसाठी वर्ग चालवतो, तिच्याच लेखकाचा खिसा कापून तिची सेवा होत नाही.

मग आपण आपला संग्रह करावा कसा? आम्हांला सुचते ते असे.

पहिले, घेण्यापूर्वी विचारावे: ही फाइल माझ्या घरी, कंपनीच्या किल्लीवाचून उघडेल काय? गाणी बहुधा कुलुपाविना विकत मिळतात. पुस्तक जमल्यास कागदाचेच घ्यावे. ते देता येते, वाचून झाल्यावर शाळेला ठेवता येते, नातवाला वारसा म्हणून जाते. जे कुलुपासह घ्याल ते भाड्याचे समजा, आणि किंमतही भाड्याइतकीच मोजा.

दुसरे, जे हक्काने मोफत आहे ते आधी घ्यावे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे 'श्यामची आई' २०११ पासून तेथे सर्वांची झाली आहे. मराठी विश्वकोश संगणकावर विनामूल्य वाचता येतो. साहित्य संस्कृती मंडळानेही आपली पुष्कळ पुस्तके मोफत ठेवली आहेत. एवढे वाचून संपविणारे घर आमच्या पाहण्यात नाही.

तिसरे, जे आपले आहे त्याच्या दोन प्रती ठेवाव्यात, आणि त्या एकाच घरात नव्हेत. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून जाताना आपण पाहिल्या. पाण्याला कपाटातले काय आणि हार्ड डिस्कमधले काय, सारखेच.

आणि चौथे, जे आम्ही गमावले ते वाचकांनी गमावू नये. कास्कावेलला, वाक्वाला, जेथे जेथे झाकरी माहीत असलेली एखादी आजी अजून आहे, तेथे या रविवारी जावे, तिची परवानगी घ्यावी, आणि तिचे गाणे ध्वनिमुद्रित करावे. तिच्या गाण्याची किल्ली रेडमंडमध्ये नाही, कोठल्याच कंपनीकडे नाही. ते कोठून चोरताही येणार नाही, कारण ते अजून कोठे नोंदलेलेच नाही. त्याची पहिली प्रत आपल्याच घरात व्हायची आहे, आणि त्याला फार दिवस उरलेले नाहीत.